टेलच्या गावचे मोटारशौकीन

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘वेग’ हा विषय मुक्रर केला आणि मोटारींच्या शौकिनांत पेट्रोल व वीज यांवरून जो मतभेद चालला आहे त्याचा प्रत्यक्ष जाऊन तलास घ्यावा असे सुचविले, तेव्हा मी पुण्यामुंबईकडे न वळता परभणीची वाट धरली. त्याला कारण होते. सप्टेंबर २०१८मध्ये पेट्रोल लिटरला नव्वद रुपयांवर गेल्याची बातमी वर्तमानपत्रांतून सर्वत्र छापून आली ती परभणीच्या नावाने. फेब्रुवारी २०२१मध्ये उंची प्रतीच्या पेट्रोलने शंभरी ओलांडली तेव्हाही हेच नाव पुढे होते. आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात साध्या पेट्रोलनेही ती मर्यादा पार केली. राज्यातील महागात महाग पेट्रोल विकत घेणारे गाव अशी ख्याती ज्या गावाच्या वाट्याला आली, तेथील माणसे पेट्रोलच्या गाडीवर अजून जीव का टाकतात, आणि जी टाकीत नाहीत ती विजेवर भरवसा कशाच्या बळावर ठेवतात, हे पाहावे एवढा माझा हेतू होता.

या महागाईचे कारण भूगोलात आहे. मुंबईच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांतून नळाने मनमाडपर्यंत आलेले इंधन तेथील पानेवाडीच्या साठ्यांतून टँकरमध्ये भरले जाते आणि सुमारे तीनशे किलोमीटरचा रस्ता कापून परभणीच्या पंपांवर उतरते. वाहतुकीचा हा सारा खर्च भावात चढतो. जायकवाडीचा डावा कालवा पैठणहून निघून २०८ किलोमीटर चालत परभणी जिल्ह्यात येतो, आणि त्याच्या शेवटच्या भागातील शेतकऱ्याला इकडे ‘टेलचा शेतकरी’ म्हणतात. पाणी सुटल्याची वर्दी त्याला इतरांबरोबरच मिळते. पाणी मात्र इतरांच्या मागून आणि इतरांहून कमी मिळते. पेट्रोलच्या बाबतीत सबंध परभणी शहर असे टेलवर बसलेले आहे, आणि येथल्या मोटारशौकिनांच्या वादात जी तीव्रता मला आढळली तिचे मूळ या बसण्यात आहे.

उस्तादांचा कान

वसमत रस्त्याला लागून असलेल्या एका गल्लीत पत्र्याच्या छपराखाली एक जुने गॅरेज आहे. त्याच्या मालकांना सारे गाव ‘उस्ताद’ म्हणते. मीही येथे त्यांचा तेवढाच उल्लेख करतो. निजामाच्या राजवटीत १९३२ साली रेल्वे खात्याने सत्तावीस गाड्यांनिशी प्रवासी बससेवा सुरू केली, आणि त्या काळापासून मोटार दुरुस्तीची जी विद्या या मुलखात झिरपत आली ती बव्हंशी चाचाकडून भतिज्याकडे आणि उस्तादाकडून शागिर्दाकडे गेलेली आहे. आमचे उस्ताद आपल्या चाचांकडे शिकले. आज त्यांच्या हाताखाली त्यांचा भतिजा शिकत आहे.

मी गेलो त्या सकाळी छपराखाली एक प्रीमियर पद्मिनी उभी होती. तिचे मालक तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून सेवानिवृत्त झालेले गृहस्थ असून ते तिला अजूनही फियाटच म्हणतात. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात ही गाडी तयार होई; इंजिन १,०८९ सीसीचे, गिअरचा दांडा स्टिअरिंगलगत. गाडी सुरू होती आणि इंजिनात कोठेतरी टकटक असा बारीक आवाज येत होता. उस्तादांनी एक लांब पेचकस घेतला, त्याचे टोक इंजिनाच्या झाकणावर टेकविले, मूठ कानामागच्या हाडाला लावली आणि डोळे मिटले. मग टोक चार बोटे सरकवून पुन्हा ऐकले. तिसऱ्या जागी ते थांबले आणि भतिज्याला म्हणाले, ‘‘तीन नंबर का टॅपेट ढीला है.’’ इंजिन निवल्यावर झाकण उघडून फीलर गेजची पाती घातली, तो खरोखरच तिसऱ्या सिलिंडरच्या टॅपेटची फट प्रमाणाबाहेर वाढलेली निघाली. त्यानंतर त्यांनी चारही प्लग काढून एका फडक्यावर ओळीने मांडले. टोक काजळीने काळे झाले असेल तर पेट्रोल जास्त जाते, पांढरे पडले असेल तर हवा जास्त जाते, आणि बिस्किटासारखा तपकिरी रंग आला म्हणजे मिश्रण नेमके झाले, असे त्यांनी मला समजावून सांगितले. तीन प्लग बिस्किटी होते. चौथा किंचित काळवंडला होता, आणि त्या एका प्लगावरून पुढली अर्धी घटका मालकात व उस्तादांत गंभीर विचारविनिमय चालला.

‘‘साहब, ये गाडी अपना दुख खुद बोलती,’’ उस्ताद हात पुसत म्हणाले, ‘‘सुननेवाला होना, बस.’’ विजेच्या गाडीविषयी विचारले तेव्हा त्यांचे उत्तर तितकेच आखूड होते : ‘‘उसमें सुनने को क्याच नहीं.’’

पेट्रोलच्या बाजूने जे काही बोलले जाते त्याचे सार मला या दोन वाक्यांत दिसते. इंजिनाची गर्जना, गिअर बदलताना हाताला येणारा आघात, चढणीवर बदलणारा सूर, तापलेल्या तेलाचा वास, या सर्वांचे शौकिनाला जे आकर्षण असते ते निव्वळ इंद्रियसुख आहे असे समजणे त्याच्यावर अन्याय करणे होय. कारण या प्रत्येक गोष्टीतून त्याला गाडीच्या प्रकृतीची खबर मिळत असते आणि ती खबर वाचता येणे हाच त्याचा अभिमानाचा विषय असतो. फियाटच्या मालकांनी हेच आपल्या शब्दांत सांगितले. ‘‘सर, ही गाडी रस्त्यात बंद पडत नाही असं मी म्हणत नाही. पडती. पण कामून पडली हे मला तिथंच उभं राहून कळतंय. नव्या गाडीला कंपनीच्या माणसाची वाट बघत बसावं लागतंय.’’ तीस वर्षे सरकारी दप्तरात बसलेल्या या गृहस्थांनी स्वतःच्या हाताने कार्बोरेटर खोलून साफ करण्याची विद्या संपादन केलेली आहे, आणि आयुष्यात आपल्याला पुरतेपणी कळलेली एक वस्तू म्हणून ते या गाडीकडे पाहतात. त्यांच्या या भावनेपुढे मला हसू आले नाही, आदर वाटला.

मात्र पेट्रोलचा पक्ष एकसंध आहे असे कोणी समजू नये. जिंतूर रस्त्यावर संध्याकाळी चहाच्या टपरीपाशी जमणाऱ्या तरुण मंडळींत टर्बो पेट्रोल गाड्यांचे भक्त आहेत, थारचे आहेत, स्कॉर्पिओचे तर विचारूच नका. आणि त्यांच्यापैकी बहुतेकांनी आपल्या गाडीचे बॉनेट काचा पुसायचे पाणी भरण्यापलीकडच्या कामासाठी क्वचितच उघडले असेल. त्यांचा मुद्दा निराळा आहे. त्यांना गाडी म्हणजे अंतर हवे असते : रात्री अकरा वाजता बेत ठरावा, टाकी फुल करावी आणि सूर्योदयाला पुणे गाठावे. पाच मिनिटांत भरणारी टाकी हेच त्यांचे स्वातंत्र्य आहे. उस्तादांना या तरुणांच्या गाड्यांविषयी मी विचारले, तेव्हा ते म्हणाले की १ एप्रिल २०२०पासून भारत स्टेज सहाचे नियम लागू झाल्यावर आलेल्या पेट्रोल गाड्याही आता संगणकाला विचारल्यावाचून काही सांगत नाहीत. पेचकस तेथेही मुका होत चालला आहे. हे त्यांचे उद्गार मी मनात नोंदवून ठेवले.

हळदीच्या ट्रॅक्टरला मागे टाकताना

दुसऱ्या पक्षाचे जे प्रतिनिधी मला भेटले त्यांतील मुख्य म्हणजे मानवत तालुक्यातील एक बागायतदार. यांच्या वडिलांकडे महिंद्राची जीप होती, त्यांनी स्वतः डिझेलच्या मोठ्या गाड्या वापरल्या, आणि आता त्यांच्या दारात टाटांची नेक्सॉन ईव्ही उभी आहे. पुण्याजवळच्या रांजणगावच्या कारखान्यात तयार होणारी ही गाडी जानेवारी २०२०मध्ये बाजारात आली तेव्हा तिच्या बॅटरीची क्षमता ३०.२ युनिट होती आणि एका चार्जिंगमध्ये ३१२ किलोमीटर जाईल असा प्रमाणित आकडा दिलेला होता. प्रत्यक्षात दोनशेच्या आसपास मिळतात, असे या गृहस्थांनी आढेवेढे न घेता सांगितले. परभणीचा मे महिना असेल, बाहेर चव्वेचाळीस अंश तापमान असेल आणि एसी पूर्ण चालू असेल, तर त्याहूनही काही कमी धरावे.

‘‘सर, मला बी इंजिनाचा नाद हाय,’’ ते म्हणाले. ‘‘पर शेत, जिनिंग, घर धरून रोज ऐंशी किलोमीटर होतंय. नादापायी रोजचे पाच-साडेपाचशे कामून जाळायचे?’’ हिशेब बरोबर होता. लिटरला पंधरा किलोमीटरचे ॲव्हरेज देणाऱ्या गाडीला शंभरीपार भावाने किलोमीटरमागे सात रुपये पडतात. विजेची गाडी युनिटमागे सात किलोमीटर जात असेल आणि घरची वीज युनिटला बारा रुपयांनी पडत असेल, तरी किलोमीटरचा खर्च दोन रुपयांच्या आत राहतो. पुण्यातल्या शौकिनाला या दोन आकड्यांतील अंतर बचत म्हणून दिसते. टेलवर राहणाऱ्या माणसाला त्यात वर्षानुवर्षे सोसलेल्या अन्यायाचे परिमार्जन दिसते, आणि ‘नव्वद रुपयांचं गाव’ हे शब्द उच्चारताना या बागायतदारांच्या स्वरात आलेला कडवटपणा मी विसरू शकत नाही.

परंतु केवळ हिशेबासाठी ते विजेकडे गेले असते तर या लेखात त्यांना स्थान नव्हते. ते शौकीन आहेत, आणि आपल्या शौकाचे समर्थन त्यांनी तोंडाने न करता मला गाडीत बसवून केले. वसमतचा हळदीचा बाजार भरात होता. रस्त्याने पोत्यांनी लादलेले ट्रॅक्टर एकामागून एक चालले होते. अशाच एका जोडट्रॉलीच्या मागे आम्ही बराच वेळ रेंगाळलो. समोरून येणारी एस.टी. निघून गेली, त्यांनी पाय किंचित दाबला, आणि कसलाही आवाज न होता, गिअर खाली आणण्याचा विलंब न लागता, पाठ आसनाला टेकते न टेकते तोच ट्रॅक्टर मागे पडलेला होता. पेट्रोलच्या इंजिनाला पुरता जोर येण्यासाठी त्याचे फेरे वाढावे लागतात. विजेच्या मोटरला शून्य फेऱ्यांपासूनच पूर्ण जोर उपलब्ध असतो, आणि दुपदरी रस्त्यावर पुढे काढण्याच्या त्या दोन-तीन धोक्याच्या क्षणांत हा फरक जिवाच्या मोलाचा ठरतो. पुढे गतिरोधक आला. त्यांनी पाय नुसता उचलला. ब्रेकला स्पर्श न करता गाडी मंदावली आणि समोरच्या पडद्यावर बॅटरीकडे परत जाणाऱ्या विजेची रेघ उमटली. एरवी उष्णता होऊन वाया जाणारा वेग येथे पुन्हा साठविला जातो. एवढी रेघ अधिकात अधिक लांब कशी करावी, कोणत्या उतारावर पाय केव्हा उचलावा, याचा त्यांनी रीतसर अभ्यास केलेला आहे, आणि तो सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज आले ते मी आदल्या दिवशी बिस्किटी प्लगांपाशी पाहिलेल्या तेजासारखेच होते.

लांबच्या प्रवासाची अडचण ते नाकारीत नाहीत. छत्रपती संभाजीनगर सुमारे दोनशे किलोमीटर. जालन्याला थांबून चार्जिंग केल्याशिवाय निश्चिंतपणे जाता येत नाही. राज्याच्या २०२५च्या विद्युत् वाहन धोरणात समृद्धी महामार्गावर टोलमाफीची तरतूद झाली याचे त्यांना समाधान आहे, पण पुण्याच्या लग्नाला सारे कुटुंब जायचे असले म्हणजे घरातील जुनी डिझेल गाडीच बाहेर निघते. जिंतूर, पालम, सोनपेठ या बाजूंना निघताना चार्जर कोठे सापडेल, सापडला तरी चालू असेल काय, ही विवंचना असते. पेट्रोलचे तरुण भक्त याच मुद्द्यावर विजय झाल्यासारखे बोलतात. त्यांना मी एक जुनी हकिकत सांगितली. १८८८च्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझ या बाई आपल्या पतीने बनविलेली तीनचाकी मोटार घेऊन जर्मनीत मानहाइमहून फोर्झहाइमला निघाल्या, तेव्हा जगात एकही पेट्रोल पंप नव्हता; वाटेत वीसलोख या गावी त्यांनी औषधाच्या दुकानातून लिग्रोइन नावाचे द्रव विकत घेतले आणि पुढचा रस्ता धरला. कोणत्याही इंधनाचा बंदोबस्त गाडीच्या मागून येतो. एका तरुणाने यावर शांतपणे उत्तर दिले, ‘‘सर, त्या बाई पहिल्या होत्या. आपल्याकडं मात्र सगळंच शेवटी येतंय.’’ त्याचे म्हणणे खोडण्याजोगे मला काही सुचले नाही.

अर्थिंगचा खड्डा

शहरातल्या चर्चेत ज्या गोष्टीचा उच्चारही होत नाही अशी एक अडचण मला मानवतकडच्या त्या बागायतदारांच्या घरी ऐकावयास मिळाली. एकदा रात्री गाडी चार्जिंगला लावली आणि चार्जरवर लाल दिवा लागला. वीज होती, दाब ठीक होता, तरी गाडी वीज घेईना. सकाळी गावातला वायरमन आला. त्याने टेस्ट लॅम्पची एक तार फेजला आणि दुसरी अर्थिंगला लावली. दिवा जेमतेम मिणमिणला. ‘‘माती सुकली,’’ एवढेच म्हणून तो घरामागे गेला.

घराची अर्थिंग म्हणजे जमिनीत पुरलेली धातूची पट्टी किंवा नळी. विजेचा दोष उद्भवल्यास प्रवाहाला मातीत उतरून जाण्याचा तो मार्ग असतो. परभणीची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा देते. ओलावा गेला की तिची वीज वाहून नेण्याची शक्ती घटते, आणि भेगांमुळे तिचा धातूशी असलेला संपर्कही तुटतो. पंखा, दिवा, फ्रीज यांना याचे सोयरसुतक नसते. विजेची गाडी मात्र चार्जिंग सुरू करण्यापूर्वी अर्थिंग तपासते, आणि ती निकामी आढळली की सुरक्षिततेसाठी वीज घेण्यास साफ नकार देते. वायरमनने खड्ड्याच्या तोंडावरचे झाकण काढले, कोळसा आणि मीठ घातले, बादल्यांनी पाणी ओतले आणि चहा पिऊन होईपर्यंत थांबला. पुन्हा लावलेला दिवा लख्ख पेटला. चार्जरवर हिरवा रंग आला.

तेव्हापासून या घरी मार्च महिना लागला की तुळशीला पाणी घालण्याच्या वेळीच एक बादली अर्थिंगच्या खड्ड्यात ओतण्याची वहिवाट पडली आहे आणि ते काम घरातील आजींनी आपणहून पत्करले आहे. विजेच्या गाडीत ऐकण्यासारखे काही नाही असे जे उस्ताद म्हणतात त्याचा मला येथे फेरविचार करावासा वाटला. या गाडीचीही प्रकृती आहे, तिचीही पथ्ये आहेत, आणि ती आपल्या मातीशी बांधलेली आहेत. ती वाचणारे कान व डोळे मात्र अद्याप तयार व्हावयाचे आहेत. बॅटरीचेच पाहा. भर उन्हात शंभर टक्के भरून गाडी उभी करून ठेवली तर बॅटरीचे आयुष्य घटते, म्हणून हे गृहस्थ उन्हाळ्यात दुपारी चार्जिंग टाळतात आणि रोजच्या वापरासाठी ऐंशी-नव्वद टक्क्यांवर थांबतात. त्यांच्या गाडीतील लोह-फॉस्फेट जातीच्या बॅटरीला उष्णता इतर जातींहून अधिक सोसते; तिची एक खोड अशी की अधूनमधून शंभर टक्के भरली नाही तर शिल्लक दाखविणारा आकडा चुकू लागतो. हे सारे शिकलेली माणसे जिल्ह्यात आज थोडी आहेत. त्यांची संख्या वाढेल तेव्हा त्यांच्यातूनही उस्ताद निपजतील.

गोदावरीचे पाणी, परळीचा कोळसा, छतावरचे ऊन

वीज स्वच्छ आहे असे विजेचा पक्ष म्हणतो आणि ती कोळशाचीच आहे असे पेट्रोलचा पक्ष म्हणतो. परभणीत या वादाला फार लांब जावे लागत नाही. शेजारच्या बीड जिल्ह्यात परळीचे औष्णिक विद्युत केंद्र उभे आहे, आणि त्याला लागणारे पाणी परभणी जिल्ह्यातल्याच सोनपेठ तालुक्यातील खडका येथे गोदावरीवर बांधलेल्या बंधाऱ्यातून जाते. २०१३च्या आणि २०१५च्या दुष्काळात पाणी संपले आणि परळीचे संच बंद ठेवावे लागले, ही आठवण येथे ताजी आहे. केंद्राच्या परिसरातील गावांना राखेचा जो उपद्रव होतो तोही लपलेला नाही. तेव्हा परभणीच्या गांधी पार्कातल्या गर्दीत धूर सोडीत नाही म्हणून गाडी निर्धूर ठरत नाही.

उष्णतेचा हिशेब मांडला तर असे दिसते की पेट्रोलचे इंजिन इंधनातील उष्णतेचा साधारणतः चौथा ते तिसरा हिस्सा गतीत उतरविते, बाकीची धुराड्यातून आणि रेडिएटरमधून हवेत जाते. विजेची मोटर मिळालेल्या विजेचा नव्वद टक्क्यांच्या आसपास उपयोग करते. परंतु कोळशाच्या केंद्रात वीज निर्माण होतानाच दोनतृतीयांश उष्णता गमावलेली असते. म्हणजे निखळ परळीच्या विजेवर चालणाऱ्या गाडीचा लाभ सांगितला जातो तेवढा मोठा राहत नाही. जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर येलदरी धरणाचे साडेबावीस मेगावॉटचे जलविद्युत केंद्र आहे, पण ते धरण भरण्यावर अवलंबून. या प्रश्नाचे खरे उत्तर मला घरांच्या गच्च्यांवर दिसले. फेब्रुवारी २०२४मध्ये आलेल्या पीएम सूर्यघर योजनेत छतावरच्या तीन किलोवॉटच्या सौर यंत्रणेस ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळते. महावितरणच्या दरपत्रकात पहिल्या शंभर युनिटांचा दर आणि तीनशे युनिटांच्या पुढचा दर यांत दुपटीहून अधिक अंतर असल्याने गाडीसाठी लागणारी जादा वीज नेमकी महागड्या टप्प्यात पडते. छतावरची वीज हा टप्पाच कापून टाकते. मला भेटलेल्या विजेच्या शौकिनांपैकी जे सर्वांत समाधानी होते त्या सर्वांच्या छतावर सौर पट्ट्या बसविलेल्या होत्या. येथे ऊन कोणत्याही डेपोतून वाहून आणावे लागत नाही. परभणी प्रथमच एखाद्या इंधनाच्या मुखाशी बसलेली आहे, आणि विजेच्या गाडीच्या बाजूने मला पटलेला सर्वांत भक्कम मुद्दा हाच होय. भाड्याच्या घरात, सामाईक गच्चीच्या इमारतीत राहणाऱ्याला हे सुख नाही, हेही त्याबरोबर लिहिले पाहिजे.

टाकीत ऊस

पेट्रोलही आता पूर्वीचे राहिलेले नाही. वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे २०३०चे उद्दिष्ट सरकारने २०२५वर आणले आणि गाठले. गोदाकाठच्या उसाला त्यातून गिऱ्हाईक मिळते, म्हणून शेतकरी घरांत त्याचे स्वागत आहे. पण इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोनतृतीयांश एवढीच ऊर्जा असल्याने ॲव्हरेज काहीसे उतरते आणि जुन्या गाड्यांचे रबरी नळ व वॉशर त्याने खराब होतात. फियाटच्या मालकांनी आपल्या गाडीचे सर्व नळ बदलून घेतले आहेत. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर ते टाकी जवळजवळ रिकामी करून ठेवतात, कारण इथेनॉल हवेतील ओलावा ओढून घेते. स्वतः उसाचे उत्पादक असलेले त्यांचे मेहुणे आणि ते या विषयावर एकमेकांशी बोलण्याचे टाळतात.

बारा व्होल्टची बॅटरी

परत निघण्यापूर्वी मी पुन्हा उस्तादांच्या गॅरेजात गेलो, तेव्हा भतिज्याने मला एक हकिकत सांगितली. गंगाखेड रस्त्याकडे राहणाऱ्या एका शिक्षकांची विजेची गाडी एके सकाळी अगदी मृतवत झाली. दरवाजा उघडेना, पडदा लागेना. मोठ्या बॅटरीत साठ टक्के वीज आदल्या रात्री शिल्लक होती. कंपनीच्या अधिकृत केंद्राने गाडी टोचन करून दुसऱ्या शहरात आणण्यास सांगितले. शिक्षक हताश होऊन उस्तादांकडे आले. उस्तादांनी ‘ये अपना काम नहीं’ म्हणून हात झटकले; भतिजा मात्र मल्टिमीटर घेऊन गेला. विजेच्या गाडीतही पेट्रोल गाडीसारखीच बारा व्होल्टची लहान बॅटरी असते. तिच्या जोरावर गाडीचा संगणक जागा होतो आणि मोठ्या बॅटरीचा मार्ग खुला करणारे रिले ओढले जातात. ही लहान बॅटरी बसली की मोठीतली सारी वीज कुलपात राहते. मल्टिमीटरने नऊ व्होल्ट दाखविले. भतिज्याने दुसऱ्या बॅटरीच्या केबल लावल्या, पडदा उजळला, गाडी चालू झाली. नवी बॅटरी स्टेशन रोडच्या दुकानात मिळाली.

ही गोष्ट ऐकत असता उस्ताद खाली मान घालून एक क्लचप्लेट न्याहाळीत होते. मग ते एकदम बोलू लागले. लहान बॅटरी आपण बदलू, ब्रेक, सस्पेन्शन, एसी हे सगळे आपलेच काम आहे, ते पोरगा करील. पण त्यापुढे नारिंगी केबल लागली, तीनशे व्होल्टच्या वरचा करंट लागला, आणि संगणकाने दोषाचा आकडा दाखविला तर त्या आकड्याचा अर्थ आणि तो पुसण्याची परवानगी कंपनीकडेच. ‘‘पेट्रोल की नई गाडी में भी यहीच है, साहब. गाडी इनकी, पैसा इनका, और चाबी कंपनी की.’’ फियाटचे मालक तेथेच बसले होते. त्यांनी मान डोलावली. मानवतच्या बागायतदारांनीही आदल्या दिवशी मला हेच सांगितले होते : गाडीचा त्यांना अभिमान आहे, पण तिच्या बॅटरीतील कोणता कोष कमजोर झाला हे स्वतः पाहण्याची सोय नाही याचा संताप आहे.

परभणीत दोन पक्ष आहेत असे मानून मी गेलो होतो. जे आढळले ते असे की दोन्हीकडच्या जाणत्या शौकिनांचे गाऱ्हाणे एकच आहे, आणि ते इंधनाविषयी नाही. ज्यांना गाडीतून केवळ अंतर हवे आहे त्यांचा प्रश्न चार्जर वाढले, बॅटऱ्या मोठ्या झाल्या म्हणजे सुटेल. ज्यांना गाडी कळून घ्यावयाची आहे त्यांचा प्रश्न त्याने सुटणारा नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली आणि एक संकेतस्थळही उघडले. शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि मोटारी अशा चार वर्गांतील कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती ग्राहकास द्यावी अशी त्यामागील कल्पना. ती कल्पना वसमत रस्त्यावरच्या गल्लीपर्यंत पोहोचलेली नाही. दोषांच्या आकड्यांची सूची, ते वाचण्याचे उपकरण आणि सुटे भाग कोणत्याही लायक कारागिराला वाजवी दामात मिळालेच पाहिजेत, असे मला निक्षून लिहावेसे वाटते. जो जिल्हा प्रत्येक वस्तूच्या टेलला बसलेला आहे त्याला अधिकृत केंद्रे नेहमी शेवटी मिळणार, आणि तोवर त्याचा निभाव उस्ताद-भतिज्यांवरच लागणार आहे.

३१ जुलै २०२४ रोजी टोयोटा किर्लोस्करने छत्रपती संभाजीनगरनजीक कारखाना उभारण्याचा करार राज्य सरकारशी केला. तेथे हायब्रिड आणि विजेच्या गाड्या तयार व्हावयाच्या आहेत. भतिज्याचे लक्ष तिकडे आहे. आयटीआयमध्ये आता ‘मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेईकल’ नावाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम निघालेला आहे, आणि तो पुढल्या वर्षी प्रवेशासाठी अर्ज करणार आहे. तूर्त त्याने वहीत एक यादी केली आहे : हजार व्होल्टपर्यंत टिकणारे रबरी हातमोजे, मुठींना विद्युत्‌रोधक आवरण असलेले पाने, चांगल्या प्रतीचा मल्टिमीटर, आणि दोषांचे आकडे वाचणारे यंत्र. उस्तादांनी ती वही घेतली, व्हॉल्व्ह घासण्याच्या नव्या यंत्रासाठी बाजूला ठेवलेल्या रकमेशी ताडून पाहिली, आणि हातमोज्यांसमोर खूण करून पहिली खरेदी त्यांची करावी असे सांगितले.